विमानाचं जुनं इंजिन मिळालंय? थांबा, लगेच घासायला घेऊ नका

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. भंगारवाल्याकडे विमानाचं इंजिन पडलंय, किंवा एखाद्या पॉलिटेक्निकच्या मागच्या अंगणात गवतात उलटं पडलंय, घेऊ का? आणि लगेच पुढचा प्रश्न, घेतलं तर कशाने घासू? घासायचा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी येतो, आणि कितीतरी इंजिनांच्या बाबतीत तो येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जुन्या इंजिनावरचा मूळ रंग, त्यावरचे इन्स्पेक्शनचे बारीक शिक्के, सत्तर वर्षांपूर्वी कुणा फिटरने पिळलेली लॉकवायर (नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार), हे सगळं त्या इंजिनाचं आयुष्य आहे आणि वायर ब्रश लावला की ते दहा मिनिटांत जातं आणि परत येत नाही. गंज थांबवायचा, पुरावा जपायचा, आणि जे उद्या उलटं करता येणार नाही ते आज करायचं नाही. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

मी जास्त करून पिस्टन इंजिनांबद्दल लिहितोय, आणि उदाहरण म्हणून बऱ्याच ठिकाणी टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाचं जिप्सी मेजर इंजिन घेणारे. ते माझ्या शेडमध्ये आहे आणि मी ते नट-नट ओळखतो.

आधी ठरवा, नक्की काय जमवायचंय

पहिल्यांदा सगळ्यांनाच आख्खं मर्लिन हवं असतं. स्पिटफायरचं इंजिन, व्ही-१२, २७ लिटर, कुणाला नको? पण त्याचं वजन सातशे किलोच्या पुढे जातं, ते ठेवायला जमिनीवरची खोली, चेन ब्लॉक आणि भक्कम गँट्री लागते, आणि भारतात बसून तसलं इंजिन मिळणं जवळजवळ अशक्य. (जाता जाता सांगतो, मर्लिन हा जादूगार नव्हे, तो छोटा ससाणा. रोल्स रॉइस पिस्टन इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावं द्यायची आणि पुढे जेट इंजिनांना नद्यांची, म्हणून नीन, डर्वेंट, एव्हॉन, डार्ट.)

आपल्याकडे खरोखर हाताला लागू शकतील अशी इंजिनं म्हणजे टायगर मॉथचं जिप्सी मेजर, हार्वर्डचं प्रॅट अँड व्हिटनी वास्प आर-१३४०, डाकोटाचं ट्विन वास्प आर-१८३०, एचटी-२ चं सिरस मेजर, आणि जेटमध्ये नॅटचं ऑर्फियस किंवा मिग-२१ च्या इंजिनांचे सुटे भाग. ट्विन वास्पची तर १ लाख ७३ हजारांहून जास्त इंजिनं बनली, त्यामुळे त्याचे पार्ट अजूनही जगभर फिरतायत. जिप्सी मेजर चार सिलिंडरचं, साधारण १४० किलोचं, चार माणसं उचलू शकतात आणि मोटारीच्या गॅरेजमध्ये मावतं. सुरुवातीला हेच घ्या.

आणि त्याचा आपल्या मातीशी संबंधही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमध्ये, त्याचं इंजिन जिप्सी थ्री, म्हणजे जिप्सी मेजरचा थेट थोरला भाऊ, १२० हॉर्सपॉवरचं. १९८२ मध्ये त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ते लेपर्ड मॉथ घेऊन पुन्हा आले, त्याला जिप्सी मेजर. जुहूच्या धावपट्टीवर त्या काळात जो आवाज रोज घुमायचा तो याच घराण्याचा.

जागा नसेल तर आख्ख्या इंजिनाचा हट्ट सोडा. एक सिलिंडर, एक पिस्टन, मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र), कार्बुरेटर, सुपरचार्जरचा इम्पेलर, एवढ्यावरही सुंदर संग्रह होतो, आणि एका कपाटात तो नीट कोरडा ठेवता येतो. उघड्यावर कुजणाऱ्या आख्ख्या इंजिनापेक्षा कपाटातलं जपलेलं एक सिलिंडर केव्हाही बरं.

ओळख पटवायची कशी

डेटा प्लेट शोधा. छोटी पितळी नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी असते, क्रँककेसवर रिव्हेट केलेली. तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर, कधी कधी ओव्हरहॉलची नोंद. ही पट्टी गेली की इंजिनाची अर्धी किंमत आणि पूर्ण ओळख गेली, त्यामुळे भंगारवाल्याकडे पाहिल्या पाहिल्या तिचा फोटो काढा, कारण तुम्ही दोन दिवसांनी पैसे घेऊन जाल तोवर कुणीतरी ती उचकटून नेलेली असू शकते.

पट्टी नसेल तर अमेरिकन इंजिनाचं गणित सोपं आहे. आर म्हणजे रेडियल, चाकाच्या आऱ्यांसारखे गोलात सिलिंडर असलेलं, पुढचा आकडा घन इंचात क्षमता. आर-१८३० म्हणजे १८३० घन इंच, साधारण ३० लिटर, सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा. आर-१३४० म्हणजे नऊ सिलिंडर, एकच रांग, २२ लिटर. सिलिंडर मोजा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) मोजा, बोअरचा वर्ग, ०.७८५, स्ट्रोक आणि सिलिंडरची संख्या यांचा गुणाकार करा, उत्तर मिळतं. जिप्सी मेजरचा बोअर ११८ मिलिमीटर, स्ट्रोक १४०, चार सिलिंडर, म्हणजे ६.१२ लिटर. आणि ते उलटं असतं, क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडरची डोकी खाली, म्हणजे पंखा (प्रोपेलर) उंच राहतो आणि पायलटला पुढचं दिसतं. नवखा माणूस ते हमखास डोक्यावर उभं करून ठेवतो.

ब्रिटिश इंजिनाला ब्रिटिश मापांचे पाने लागतात, त्या मापांची नावं व्हिटवर्थ, बीएसएफ, बीए. मेट्रिक पाना "बसतो" असं वाटतं आणि नटाचे कोपरे गोल होतात. जुन्या बुलेटवर काम करणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या मेकॅनिकशी दोस्ती करा, त्याच्या पेटीत हे पाने सापडतात. अमेरिकन इंजिनाला इंचातले पाने, रशियनला मेट्रिक.

पैसे देण्याआधी

हे सगळं बघायला तासभर लागतो, तो द्या.

एक, धातूची स्थिती. ॲल्युमिनियमवर पांढुरका पापुद्रा असेल तर बहुतेक वेळा सावरता येतं. पण जुन्या इंजिनांत काही कव्हरं आणि केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात आणि मॅग्नेशियम एकदा आतून पोखरलं की नखाने पावडर निघते. दोन्हीत फरक कळत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाका, बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम गप्प राहतं. लगेच पाण्याने पुसून कोरडं करा. ही परीक्षा महत्त्वाची आहे कारण मॅग्नेशियमला ग्राइंडर किंवा गॅस कटर लागला तर ते पेटू शकतं आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर आग भडकते.

दोन, भोकं. स्पार्क प्लग काढलेले असतील आणि भोकं उघडी असतील तर आत पावसाचं पाणी गेलंय असं धरूनच चला. टॉर्च आणि मोबाइलला जोडायचा स्वस्त बोअरस्कोप म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा आत घाला, सिलिंडरची भिंत बघा. लाल वरवरचा गंज चालेल, खड्डे पडले असतील तर भाव पाडा.

तीन, फिन्स. गार करणाऱ्या पातळ पट्ट्या तुटलेल्या आहेत का मोजा. आणि तुटलेले तुकडे जमिनीवर पडलेत का तेही बघा, तेही मागून घ्या.

चार, काय काय नाहीये. मॅग्नेटो, कार्बुरेटर, इंधनपंप या वस्तू आधी वेगळ्या विकल्या जातात. त्या त्याच दुकानात दुसऱ्या ढिगात असतात कधी कधी. विचारा. मला एका कार्बुरेटरचा फ्लोट चेंबर शेजारच्या दुकानात पेपरवेट म्हणून सापडलाय.

कागदपत्रं, आणि एक गोष्ट जी कधीच करायची नाही

पावती घ्या, तिच्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. सरकारी किंवा संरक्षण खात्याचा माल असेल तर तो रीतसर लिलावातून बाहेर पडलेला असायला हवा, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात असा माल येतो, त्या लॉटचा कागद मागा. "साहेब, आतून आलंय" असं कुणी कानात सांगितलं तर तिथून निघून या. इंजिन शंभर वर्षांहून जुनं असेल, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लक्षात ठेवा. परदेशातून मागवताना जुन्या मालाचे आयातीचे नियम आणि तिकडच्या देशाचे निर्यातीचे नियम दोन्ही लागतात, त्यामुळे पैसे पाठवायच्या आधी कस्टम्स एजंटशी बोला.

लॉगबुक मिळालं तर ते इंजिनाइतकंच मोलाचं. कुठल्या विमानावर बसवलं, किती तास चाललं, कधी ओव्हरहॉल झालं, सगळं त्यात. स्कॅन करा, मूळ प्रत ॲसिड-फ्री कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, लॅमिनेट अजिबात करू नका.

आणि आता ती गोष्ट. तुमच्या संग्रहातला कुठलाही पार्ट उडणाऱ्या विमानासाठी कधीही देऊ नका, कितीही पैसे मिळाले तरी. कागद नसलेला, अनेक वर्षं पडलेला, बाहेरून नवा दिसणारा पार्ट आतून चिरलेला असू शकतो आणि वर हवेत माणूस असतो. मी प्रत्येक पार्टला लाल टॅग बांधतो, "फक्त प्रदर्शनासाठी, उड्डाणयोग्य नाही", आणि वारसांना कळावं म्हणून तेच रजिस्टरच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवलंय.

घरी आणताना

माझ्या जिप्सीच्या सात फिन्स तुटल्या त्या सत्तर वर्षांत नाही, टेंपोत चढवताना दहा मिनिटांत तुटल्या. हमालांनी सिलिंडरभोवती दोर टाकला आणि मी पाकीट काढण्यात गुंतलो होतो. त्यामुळे सांगतो, दोर, बेल्ट, साखळी जे काही असेल ते फक्त उचलायच्या कड्यांना किंवा जिथे इंजिन विमानाला बसतं त्या माउंटच्या पायांना. फिन्स, पुशरॉडच्या नळ्या, इनटेक पाइप, इग्निशनच्या वायरी यांना हातही नाही लावायचा. आदल्या दिवशी सुताराकडून लाकडी पाळणा करून घ्या, माउंटच्या मापाचा, जाड रबर लावलेला. उलटं इंजिन रॉकर कव्हरवर, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यांवरच्या झाकणांवर टेकवून ठेवायचं नाही, ती पातळ असतात आणि वजनाने बसतात. रेडियल असेल तर मागच्या माउंट रिंगवर. आणि सगळी भोकं टेंपोत चढायच्या आधी बंद, रस्त्यावरची धूळ आत गेली की ती तेलात मिसळून लापीसारखी बसते.

पहिला आठवडा: हात लावायच्या आधी हे वाचा

या भागात मी जरा जास्तच सांगणारे, पण याला पर्याय नाही.

जुन्या पेट्रोल इंजिनात शिसं असतं. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलेलं असायचं आणि त्याची राख सिलिंडरच्या आत, एक्झॉस्टमध्ये, प्लगवर करड्या-तपकिरी थरासारखी बसलेली असते. ती कोरडी घासू नका. ओल्या फडक्याने पुसा, ग्लोव्हज आणि चांगला मास्क, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरायचा नाही, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

एक्झॉस्टभोवती पांढरी-करडी दोरी किंवा कापड गुंडाळलेलं असेल तर ते ॲसबेस्टॉस समजा. ओढू नका, फाडू नका. पाणी शिंपडून ओलं ठेवा, जाड प्लॅस्टिकने झाका आणि ते काढायचं काम जाणकाराकडूनच करून घ्या.

वास्प, ट्विन वास्प, मर्लिन अशा इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ असतात आणि त्यात सोडियम धातू भरलेला असतो, उष्णता लवकर बाहेर जावी म्हणून. व्हॉल्व्ह कापून दाखवायची हौस काही जणांना असते. करू नका. सोडियम पाण्याला लागलं की जळतं, फुटतं.

इंजिनासोबत जुनी घड्याळं म्हणजे गेज आले असतील, आणि आकड्यांवर पिवळट-तपकिरी रंग असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. "आता चमकत नाही म्हणजे संपलं" हा गैरसमज आहे. चमक देणारं झिंक सल्फाइड खराब होतं, रेडियम मात्र निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही, झोपायच्या खोलीत ठेवायचं नाही, मुलांच्या हातात तर नाहीच. काच फुटलेली असेल तर दोन पिशव्यांत बंद करून बाजूला ठेवा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला, जे आपल्या मुंबईतच अणुशक्तीनगरला आहे, विचारा. जेट इंजिनांच्या काही केसमध्ये थोरियम मिसळलेलं मॅग्नेशियम असतं, ते नुसतं ठेवायला फार भीती नाही पण त्याला फाइल, ड्रिल, सँडपेपर लावायचा नाही. हे कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काय झालं ते आठवा, भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा जीव गेला.

कॅडमियमचा मुलामा असलेले बोल्ट घासू किंवा तापवू नका. हिरवट-पिवळा प्रायमर क्रोमेटचा असतो, त्याची धूळही नको. जेटचा इग्निशन बॉक्स असेल तर तो उघडायचा नाही, त्यात साठलेला विजेचा झटका जीवघेणा असू शकतो.

आणि मॅग्नेटो. मोटारीची बॅटरी काढली की स्पार्क बंद होतो तशी सवय आपल्याला असते, मॅग्नेटोचं बरोबर उलटं आहे. त्याची स्विचची वायर इंजिनाच्या धातूच्या अंगाला जोडलेली (अर्थ केलेली) असते तेव्हा तो बंद असतो, वायर निघालेली असेल तर तो चालू. म्हणजे शेडमध्ये पडलेलं, सगळ्या वायरी तुटलेलं इंजिन हे "चालू" इंजिन आहे, आणि पंखा किंवा शाफ्ट हाताने फिरवला तर ते एखादा झटका मारू शकतं. प्लग काढून ठेवा, मग निर्धास्त.

फिरतंय का बघू या, हा मोह

इंजिन घरी आलं की पाहुणे पहिल्यांदा शाफ्ट धरून जोर लावतात. याच्यापासून त्याला जिवापाड जपा.

रेडियलच्या खालच्या सिलिंडरमध्ये, आणि जिप्सीसारख्या उलट्या इंजिनात तर चारही सिलिंडरमध्ये, तेल झिरपून साठतं. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर आला, समोर तेल, झडपा बंद, आणि तुम्ही लांब दांडा घालून जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आवाजही येत नाही कधी कधी. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, हवाई दलात इंजिन फिटर होते, त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "अरे, इंजिनाला आधी रिकामं कर, मग त्याला हलायला सांग."

तर क्रम असा. सगळे प्लग काढा, दोन्ही बाजूंचे, जिप्सीला आठ असतात. खाली ट्रे ठेवा आणि रात्रभर ठिबकू द्या. बाहेर आलेलं तेल बाटलीत भरून तारीख लिहा, त्यात पाणी किंवा धातूचे कण दिसतात, उपयोगी माहिती आहे ती. रेडियलचे खालचे इनटेक पाइपही रिकामे करा. अडकतंय म्हणून रेडियल उलट दिशेने फिरवायचं नाही, तेल इनटेक पाइपमध्ये ढकललं जातं आणि पुढच्या वेळी परत सिलिंडरमध्ये येतं. मग हाताने, फक्त हाताने, हळूहळू. जिथे अडेल तिथे थांबा.

जाम असेल तर वेळ लागणार आहे हे मान्य करा. मी ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं मिसळून वापरतो, उघड्या हवेत, आसपास विडी-सिगरेट नाही, कारण ॲसिटोन भसकन पेट घेतं. उलट्या इंजिनात एक अडचण येते, खाली तोंड असलेल्या सिलिंडरमध्ये ओतलेलं औषध पिस्टनच्या रिंगपर्यंत पोचतच नाही, प्लगच्या भोकातून वाहून जातं. म्हणून मी स्टँडवर इंजिन फिरवून सिलिंडर वर केले, प्रत्येकात कपभर ओतलं, आणि रोज संध्याकाळी शाफ्टला हाताने पुढे-मागे अगदी हलकासा ताण द्यायचो. एकोणिसाव्या दिवशी तो केसभर हलला. पिस्टनच्या कडेने तपकिरी रेघ वर आली, तेलात गंज विरघळल्याची, आणि शेडमध्ये जुन्या तेलाचा तो जड, थोडा गोडसर वास पसरला. त्यानंतरही मी आठवडा घेतला पूर्ण फेरीला. हातोडा, लांब पाइप, जॅक, यातलं काही नाही. नाहीच सुटलं तर जाम राहू द्या, जाम इंजिनही जपता येतं.

फोटो, मगच पाना

एकही नट सैल करायच्या आधी चारही बाजूंनी, वरून, खालून फोटो, मापाची पट्टी शेजारी ठेवून. लॉकवायर कुठून कुठे गेलीय, कुठल्या दिशेला पिळलीय, जवळून काढा. कापलेली वायर फेकू नका, छोट्या पिशवीत घालून नंबर द्या. बोल्टसाठी पुठ्ठ्यावर त्या कव्हरचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट ज्या जागेवरून निघाला त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा, कारण एकाच कव्हरला तीन लांबीचे बोल्ट असतात आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर केस फुटते. जोर लावूनही नट हलत नसेल तर आधी डावे, म्हणजे उलट दिशेने सुटणारे आटे नाहीत ना हे पार्ट्स कॅटलॉगमध्ये बघा.

खरं सांगायचं तर प्रदर्शनासाठी ठेवायचं इंजिन पूर्ण उघडायची गरजच नसते. जेवढं गंज थांबवायला लागतं तेवढंच उघडा.

स्वच्छता

एमटीओ म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, रंगाच्या दुकानात मिळतं, मऊ नायलॉन ब्रश, जुने टूथब्रश, बांबूच्या काड्या, सुती फडकी. बस. वरून खाली, एका वेळी वीतभर जागा, आणि शिक्का किंवा स्टेन्सिल दिसलं की तिथे ब्रश थांबवा, फक्त कापसाच्या बोळ्याने टिपा. मी पहिल्यांदा मागच्या कव्हरवरची चिकट काळी साय काढली तेव्हा खाली अर्ध्या नखाएवढा लाल गोल शिक्का निघाला, आत तीन अक्षरं, कुण्या इन्स्पेक्टरची. वायर ब्रश असता तर मला तो कधी होता हेही कळलं नसतं.

कॉस्टिक सोडा नको, तो ॲल्युमिनियम खातो. प्रेशर वॉशर नको, पाणी बेअरिंगमध्ये जातं. सँडब्लास्टिंग नको, वाळूचा एक कण तेलाच्या नळीत राहतोच. लोखंडाच्या साध्या छोट्या पार्टवरचा गंज सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्याने निघतो, पण स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्ट त्यात बुडवू नका, ठिसूळ होतात, आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम तर अजिबातच नाही. एखाद्या ठिकाणी रंग उडालाय म्हणून आख्खं इंजिन नव्याने रंगवणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. उडालेला रंग तसाच राहू द्या, खालचा धातू सुरक्षित करा.

आतून तेल, बाहेरून मेण, वरून पिशवी

साधं इंजिन ऑइल भिंतीवरून ओघळून जातं, आणि गॅरेजमधलं जळकं तेल तर कधीच नाही, त्यात ॲसिड असतं. रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल म्हणून मिळतं ते घ्या. प्लगच्या भोकातून लांब नळीच्या पंपाने प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीवर फवारा, शक्यतो पिस्टन दूरच्या टोकाला असताना, आणि सगळे झाले की शेवटी एकदा न फिरवता पुन्हा फवारा. त्यानंतर शाफ्टला "फिरवू नका" ची पाटी. एक फेरी मारली तरी भिंतीवरचा थर पुसला जातो. रॉकर, गिअर, उघडे शाफ्ट यांना ग्रीस किंवा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतलं मेण) पातळ थर. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे पाणी हुसकवायला चांगलं आहे पण त्याचा थर पातळ असतो, पावसाळ्याच्या भरवशावर नको. बाहेरच्या रंगाला आणि ॲल्युमिनियमला मायक्रोक्रिस्टलाइन मेण, फडक्याने, अगदी थोडं.

प्लगच्या भोकांत सिलिका जेल भरलेले पारदर्शक डिहायड्रेटर प्लग लावा, आणि इनटेक, एक्झॉस्ट, ब्रीदर, सगळ्यांना पत्र्याची झाकणं गॅस्केटसकट. कापडाचा बोळा कोंबू नका, तो ओल धरतो, उंदीर ओढून नेतात. आणि आपल्याकडे कुंभारीण नावाची माशी आहे, तिला पेन्सिलएवढं भोक मिळालं की ती मातीचं घर बांधते. ती माती ओल धरून बसते आणि बरोबर त्याच जागी खड्डा पडतो.

सगळ्यात वर ॲल्युमिनियम फॉइलची जाड बॅरिअर पिशवी, आत सिलिका जेल, बाहेरून वाचता येईल असा आर्द्रतेचा इंडिकेटर, आणि हीट सीलर. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्गे जाणारी इंजिनं अशीच प्लिओफिल्मच्या पिशवीत सिलिका जेल घालून पाठवायचे, नवीन काही नाही यात. माझ्या जिप्सीला मी अडीच किलो जेल घालतो. निळं जेल कोबाल्टचं असतं, त्यापेक्षा नारिंगी घ्या, ओलं झालं की हिरवं होतं. ११०-१२० डिग्रीला ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कोरडं, पण तो ओव्हन स्वयंपाकाचा नको.

साधी ताडपत्री घट्ट गुंडाळणं हा सगळ्यात वाईट उपाय. आतली वाफ आतच राहते आणि रोज पहाटे इंजिनाला घाम फुटतो. पिशवी जमत नसेल तर उघडं ठेवा, सुती चादर टाका, जमिनीपासून फूटभर वर, आणि पंखा चालू राहू द्या.

सुटे पार्ट

मॅग्नेटोतला रोटर कीपरशिवाय (चुंबकाची टोकं जोडून ठेवणारा लोखंडी तुकडा) बाहेर काढू नका, जुन्या लोहचुंबकांचा जोर कमी होतो. रबरी होज कडक झाली तरी टाकू नका, तिच्यावर छापलेली तारीख असते, टाल्कम लावून सरळ ठेवा. पितळ चमकवू नका. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवून ठेवू नका, पोलादी बोल्ट मॅग्नेशियमच्या कव्हरमध्ये ओल्या हवेत राहिला की कव्हर गळतं, मध्ये मेणाचा कागद घाला. बेअरिंगला उघड्या बोटाने हात लावला तर घामाच्या मिठाने बोटाच्या ठशासकट गंज चढतो, मी खोटं सांगत नाही, माझ्याकडे तसं एक बेअरिंग आहे, ठसा माझाच.

जपलेली इंजिनं प्रत्यक्ष बघायची असतील तर गोव्याला दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय, बंगळुरूचं एचएएल या विमान बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं हेरिटेज सेंटर, दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय. एचएएल तर मूळ आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये उभी केली, आणि युद्धात अमेरिकन हवाई दलाने तिथे विमानं आणि इंजिनं दुरुस्त करायचा मोठा डेपो चालवला. गोव्याला बाहेर उभं असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन मुद्दाम बघा, चार राइट आर-३३५० इंजिनं, एकेकाला अठरा सिलिंडर. समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर धातूचं काय होतं ते फिन्सच्या कडांवर बघून घ्या.

पावसाळ्याचा हिशोब

कोकणात असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते, आणि पोलादाला गंजू नये म्हणून ४० च्या खाली हवी असते. पुण्यात थोडं बरं, पण थोडंच. दोन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर घ्या आणि शेडमध्ये लावा.

मी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं उघडतो, भर दुपारी, हवा सगळ्यात कोरडी असते तेव्हा. जेल भाजून घेतो, टॉर्चने सिलिंडर बघतो, तेल कमी वाटलं तर फवारतो, झाकणांची गॅस्केटं बदलतो, सील करतो. जून ते सप्टेंबर दर रविवारी फक्त इंडिकेटरचा रंग आणि हायग्रोमीटरचा आकडा वहीत लिहायचा, पिशवी उघडायची नाही. रंग बदलला तर त्याच आठवड्यात जेल बदलायचं, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी परत एक पूर्ण तपासणी, त्याच जागांचे तेच फोटो, मे महिन्याच्या फोटोंशेजारी ठेवून बघायचे. एखाद्या फिनच्या बुडाशी पांढरा ठिपका वाढलेला दिसला तर तिथे मेण, वहीत नोंद, आणि पुढच्या मे मध्ये पहिल्यांदा तीच जागा बघायची.